एका वर्षाची मुदत

लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीचा आणि जालन्याजवळील बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचा संबंध तो काय, असे कोणी विचारील; परंतु दोन्ही स्थळे निजामाच्या अमलातील आणि आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या एकाच मुलखातील. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल वसविले, तेव्हा धर्मोपदेशाला मातीची जोड मिळाली. लूकच्या शुभवर्तमानातील माळी, तीन वर्षे फळ न धरलेले अंजिराचे झाड तोडावयास निघालेल्या धन्याजवळ, आळे खणून खत घालीन, एवढे एक वर्ष राहू द्या, अशी विनवणी करतो. दुष्काळात सारा तहकूब व्हावा म्हणून कचेरीच्या ओसरीवर अर्ज घेऊन ताटकळणाऱ्या रयतेस हा कृपेचा सिद्धांत भाष्यावाचूनच उमगला असावा, असे मला आपले वाटते. (छाटणीने वेल फळते, हा योहानातील दाखला मात्र जिरायतदारास दूरचाच.) वाट पाहणे विहिरीवरच्या बागाईतासही चुकत नसे: मोटेचे पाणी थारोळ्यात कोसळे, पाटाने धावे, आणि बारे देणारा खोऱ्याने एक बांध फोडून दुसरा घालीपर्यंत शेवटले आळे कोरडेच असे.