रंग फुटलेला ट्यूलिप

वर्षानुवर्षं लाल फुलं देणाऱ्या कंदाला एका वसंतात पांढऱ्या पाकळ्यांवर लाल ज्वाळा उमटलेलं फूल आलं, तर? सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये म्हणत, 'रंग फुटला!' आणि त्या कंदाचा भाव कैक पटींनी चढे. 'सेंपर ऑगस्टस' हा अशांपैकी सर्वांत नावाजलेला ट्यूलिप. फेब्रुवारी १६३७ मध्ये हा बाजार कोसळला. कोडं मात्र तसंच राहिलं.

रंग फुटावा म्हणून लोकांनी कबुतरांची विष्ठा घातली, मातीवर रंगाची भुकटी पसरली, दोन कंदांचे अर्धे भाग एकत्र बांधले. १५९३ मध्ये लायडनला आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसनं एक खूण हेरली होती: अशी झाडं हळूहळू क्षीण होतात. क्षीण कंदाला पिल्लं कमी, म्हणून माल दुर्मिळ आणि म्हणून भाव जास्त!

उत्तरासाठी आधी 'विषाणू' ही कल्पना रुजायला हवी होती. तंबाखूच्या रोगावरून बेयेरिंकनं ती १८९८ मध्ये मांडली. १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेतल्या डोरोथी केली यांनी रंग फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदात बसवून दाखवलं, की हा गुण संसर्गानं पसरतो. बागेत हेच काम मावा करतो, हेही लवकरच सिद्ध झालं. अर्धे कंद बांधणारे उत्तराच्या किती जवळ होते पाहा!

हे घडतं कसं? ट्यूलिपच्या पाकळीचा मूळ रंग पांढरा किंवा पिवळा. लाल-जांभळं अँथोसायनिन वरच्या पेशींत असतं. विषाणूमुळे ते कुठे नाहीसं होतं, कुठे गडद होतं, आणि खालचा रंग डोकावतो. म्हणूनच शुभ्र पांढऱ्या फुलाचा रंग फुटलेला दिसत नाही; झाकणारं रंगद्रव्यच तिथे नसतं.

मग पट्टे दिसले की रोग समजायचा का? नाही. आज 'रेम्ब्राँ' नावानं विकल्या जाणाऱ्या बहुतेक ट्यूलिपचे पट्टे आनुवंशिक असतात. ते दरवर्षी साधारण सारखेच येतात. विषाणूची नक्षी अनियमित, पिसासारखी असते, आणि पूर्वी एकरंगी असलेल्या कंदावर अचानक उमटते.

सतराव्या शतकातला 'झोमरस्खोन' नेदरलँड्समधल्या लिमेनच्या कंदसंग्रहात आजही फुलतो. विद्यार्थ्यांना त्याचं चित्र दाखवा आणि विचारा: सुंदर दिसतं ते निरोगी असतंच का?