डिस्कस पाळायचा, तर आधी पाणी सांभाळा

घरगुती मत्स्यालयात डिस्कस माशाला राजाचा मान दिला जातो. थाळीसारखे गोल, चपटे शरीर, अंगावरील निळ्या-तांबड्या रेषा आणि संथ, डौलदार चाल पाहून पाहणारा खिळून राहतो. मात्र बरीच रक्कम मोजून हौसेने आणलेला हा मासा अनेक घरांत महिनाभरही तग धरत नाही. तो काळवंडतो, कोपरा धरतो, खाणे सोडतो. घाबरलेला मालक एकामागून एक औषधे टाकीत ओततो आणि अखेर 'हा मासाच नाजूक' असे म्हणून मोकळा होतो. वस्तुस्थिती तशी नाही. योग्य पाण्यात डिस्कस दहा वर्षांपर्यंतही जगू शकतो. बहुतेक वेळा आधी बिघडते ते पाणी. मासा त्यानंतर आजारी पडतो.

मूळ घर ॲमेझॉनचे

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा. ऑस्ट्रियातील मत्स्यशास्त्रज्ञ योहान हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि 'सिम्फिसोडॉन' ही प्रजाती शास्त्राला परिचित झाली. संथ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्या आणि मुळे यांच्या आडोशाला हे मासे कळपाने राहतात. तेथील पाणी उबदार, किंचित आम्लधर्मी आणि क्षारांचे प्रमाण अत्यल्प असलेले असते.

आपल्याकडील दुकानांत मिळणारे डिस्कस मात्र बहुतांशी मत्स्यपैदास केंद्रांत वाढलेले असतात. त्यांना ॲमेझॉनचे पाणी हुबेहूब मिळालेच पाहिजे असे नाही. ६ ते ७.५ सामू (पीएच) आणि २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवते. रसायने टाकून रोज सामू वरखाली करण्यापेक्षा तो स्थिर राखणे अधिक हिताचे ठरते. तलावातून येणारे नळाचे पाणी साधारणपणे मऊ असल्याने सोयीचे पडते. बोअरवेलचे पाणी मात्र अनेकदा जड असते. ते वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

टाकी 'पिकू' द्यावी

पाच-सहा डिस्कससाठी किमान २५० लिटरची टाकी हवी. केवळ एक-दोन मासे ठेवल्यास दांडगा मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. कळपात ही दांडगाई विभागली जाते. एवढ्या टाकीत पाण्याचेच वजन २५० किलो होते. त्यामुळे ती ठेवण्याची जागा आणि तिचा स्टँड विचारपूर्वक निवडावा.

टाकी भरली की लगेच मासे सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जीवाणूंची ही वसाहत तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्यावर आल्याची टेस्ट किटने खात्री करून मगच मासे आणावेत. फिल्टरमधील स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने हे जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्यावा.

पाणी बदलण्याची शिस्त

आठवड्यातून दोनदा सुमारे ३० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी पिंपात रात्रभर साठवून एअर पंप लावल्यास क्लोरीन निघून जातो. पाण्यात क्लोरामाइन असेल, तर ते असे जात नाही. त्यासाठी क्लोरीनरोधक द्रव वापरावा लागतो. पिंपातील पाण्याचे तापमान टाकीतल्याइतकेच असावे.

२५० लिटरच्या टाकीला या हिशेबाने आठवड्याला १५० लिटर पाणी लागते. पाणीकपातीच्या दिवसांत हे जमणार नसेल, तर डिस्कस न पाळणेच बरे. काढलेले पाणी मात्र वाया घालवू नये. त्यातील नायट्रेट कुंड्यांतील झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. औषध किंवा मीठ घातलेले पाणी झाडांना देऊ नये.

पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर अत्यावश्यक असतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप अखंड चालू ठेवावा. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर चालणारा पंप घरात असावा.

आजाराची चाहूल

निरोगी डिस्कस माणूस जवळ येताच खाण्याच्या आशेने काचेपाशी येतो. अंग काळे पडणे, अंगावरील उभे पट्टे गडद होणे, पर मिटून कोपऱ्यात थांबणे या तणावाच्या खुणा होत. 'पिजन ब्लड' जातीत हे पट्टे नसतात. तिथे वागण्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाण्यावरून उडालेले मन आतड्यातील परजीवींचा संशय निर्माण करतात. धाप लागणे किंवा एकाच बाजूचा कल्ला हलणे ही कल्ल्यांवरील कृमींची खूण असू शकते. मात्र अमोनिया वाढल्यावरही मासा धापा टाकतो.

म्हणूनच पहिला उपाय औषधाचा नव्हे, पाणी तपासण्याचा. अमोनिया आढळल्यास तत्काळ पाणी बदलावे आणि खाणे थांबवावे. पाणी निर्दोष असूनही लक्षणे राहिली, तर आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवून जाणकाराच्या सल्ल्याने उपचार करावेत. अंदाजाने ओतलेली प्रतिजैविके फिल्टरमधील जीवाणूही मारू शकतात आणि बरे होऊ पाहणारा मासा पुन्हा अमोनियाच्या तडाख्यात सापडतो.

नवा मासा किमान चार आठवडे वेगळा ठेवावा. एंजल मासे सोबत ठेवू नयेत. त्यांना स्वतःला त्रास न देणारे परजीवी डिस्कसला भोवू शकतात. जिवंत ट्युबिफेक्स अळ्या गढूळ, घाण पाण्यात वाढतात, त्यामुळे त्या टाळून चांगले कोरडे किंवा गोठवलेले खाद्य थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा द्यावे. उरलेले खाद्य लगेच काढून टाकावे.

डिस्कसची पिल्ले जन्मानंतरचे पहिले काही दिवस आई-वडिलांच्या त्वचेवरील स्राव खाऊन वाढतात. माशांमध्ये विरळाच दिसणारे हे वात्सल्य घरच्या टाकीतही पाहता येते. ते पाहण्याची इच्छा असेल, तर आज दुकानात जाऊन मासा निवडू नये. आज टाकी भरावी, फिल्टर सुरू करावा आणि टाकी पिकेपर्यंत वाट पाहावी.