पाच टनांचा हिशेब

मी कॅरेज फिटर. बार्शी लाईट रेल्वे मी खिडकीतून कमी आणि डब्याखाली आडवं पडून जास्त पाहिली. लोक तिच्या चालीवर विनोद करतात. मला मात्र तिचा हिशेब आठवतो.

हिशेब ही लाइन उभारणाऱ्या इंजिनिअर कॅल्थ्रॉपसाहेबांचा. इंजिन असो, मालडबा असो की पॅसेंजरचा डबा, एका आसावर पाच टनांच्या वर भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळही पुरतात आणि पूल स्वस्तात होतात. गेज अवघं अडीच फूट, पण डबे चांगले लांब, बोगीवर बसवलेले, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. सगळी मिळून 202 मैल.

1954 च्या 1 जानेवारीला कंपनी गेली, सरकार आलं. गाडीचं दुखणं मात्र मालधक्क्यावर होतं. कुर्डुवाडीला मोठ्या लाइनीची वॅगन आणि आमचा डबा शेजारी लागायचे, आणि लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून इकडून तिकडे जायचं. हमाली वेगळी, खोळंबा वेगळा, सांडलेलं धान्य वेगळं. ट्रक अडत्याच्या दारात उभा राहू लागल्यावर हा व्याप कोण करणार? माल तुटला तिथेच गाडीचा कणा मोडला.

घाईचा माणूस एसटीने जाऊ लागला. आमच्या बाकांवर उरली भाजीच्या पाट्यांची, दुधाच्या किटल्यांची मंडळी. वारीच्या दिवसांत मात्र डबे भरायचे, मग मालडबे, मग टपही. त्या गर्दीत स्प्रिंगा बसायच्या, तरी पाच टनांचं गणित रुळांना सांभाळून घ्यायचं. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आली. गेज तेवढंच राहिलं, पोतीही पाठीवरूनच जात राहिली.

या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक टप्पा रुंद होत गेला. जुनी लाइन येडशीवरून जायची, उस्मानाबाद शहर बाजूला राहायचं; ब्रॉडगेजने वळसा घेऊन शहर गाठलं. छोटी गाडी राहावी म्हणून हळहळणारे मला आजही भेटतात. त्यांना मी एप्रिल 2016 ची आठवण देतो. लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी करत पाण्याची गाडी आली. पहिल्याच खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. म्हणजे एकेका टँकरात पन्नास टन पाणी. आमच्या चार आसांच्या डब्याला स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मुभा. ज्या हिशेबाने ही गाडी माळरानावर आणली, त्याच हिशेबाने तिला ते पाणी ओढता आलं नसतं. डब्यांवर माझा जीव होता, पण रूळ रुंद झाले ते बरंच झालं.