सात नोव्हेंबर : साताऱ्याच्या रजिस्टरातली एक ओळ

दिनविशेषांच्या सदरात ७ नोव्हेंबरला नेहमीच दाटी असते. मारी क्युरी आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा हा जन्मदिवस. कवी केशवसुत याच तारखेला गेले. अखेरचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याने रंगूनच्या कैदेत याच दिवशी डोळे मिटले. रशियातल्या बोल्शेविक क्रांतीचाही हाच दिवस, जुन्या रशियन पंचांगात मात्र तो २५ ऑक्टोबर होता. २०१७ पासून महाराष्ट्रात या यादीत आणखी एक ओळ आली : विद्यार्थी दिवस. बाकीच्या नोंदींमागे कुणाचा जन्म आहे, कुणाचं मरण आहे, एखादा सत्तापालट आहे. या नोंदीमागे फक्त एका मुलाचं शाळेत नाव घातलं जाणं आहे.

सातारच्या जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरत असे. बुधवार, ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे एक नाव चढलं : भिवा रामजी आंबेडकर. इयत्ता इंग्रजी पहिली, वय साडेनऊ. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात दुष्काळ होता. त्या दिवशी साताऱ्यात काही विशेष घडलं असं कुणालाही वाटलं नसणार. नाव लिहून कारकुनाने पान उलटलं असेल.

पण या एका ओळीपर्यंत पोचायला फार वेळ लागला होता. तिच्या मुळाशी जायचं तर आधी धारवाडला जावं लागतं. १८५६ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी इतरांच्या भावना दुखावू नयेत, अशा आशयाचा निर्णय सरकारने दिला. प्रकरण वर गेलं, आणि १८५८ मध्ये सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असं धोरण कागदावर आलं. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाचं निवेदन देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, म्हणजे याच भिवाने, धारवाडच्या या मुलाची हकीकत आवर्जून मांडली. ज्या दारातून आपण आत आलो ते दार कुणी आधी ठोठावलं होतं, याची त्यांनी नोंद ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी वाट खटाव तालुक्यातून येते. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, याच सातारा जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंचं नायगावही याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. १८५२ मध्ये पुण्यात महार-मांगांच्या मुलांची शाळा काढणारे आणि १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे खालच्या थरांना प्राथमिक शिक्षण द्या म्हणून सांगणारे जोतीराव १८९० मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षांनी भिवाचं नाव रजिस्टरात आलं.

तिसरी वाट पलटणीची. कंपनी सरकारच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या सैन्यात शिपायांना, त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. भिवाचे वडील सुभेदार रामजी सकपाळ त्याच व्यवस्थेत शिकले आणि लष्करी शाळेत वर्षानुवर्षं हेडमास्तर राहिले. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ही वाट मिटली. रामजींच्या पिढीचं शिक्षण पलटणीत झालं होतं, पुढच्या पिढीला गावातल्या शाळेवाचून गत्यंतर नव्हतं. पेन्शन घेऊन रामजी साताऱ्याला आले. भिवाची आई भीमाबाई १८९६ मध्ये इथेच वारली. मुलाचं प्राथमिक शिक्षण कॅम्पातल्या शाळेत झालं आणि मग इंग्रजी शिकायला राजवाडा.

या राजवाड्याचीही एक हकीकत आहे. हा वाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. स्वतः रोजनिशी लिहिणारे, विद्येची मनापासून आवड असलेले हे महाराज. इंग्रजांनी कटाचा आळ घेऊन १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेत चौदा वर्षं झटले, पण हाती काही लागलं नाही. १८४८ मध्ये संस्थान खालसा झालं. पुढे त्याच वाड्यात सरकारी शाळा भरू लागली आणि स्वातंत्र्यानंतर त्या शाळेला प्रतापसिंहांचंच नाव मिळालं. राज्य गेलेल्या छत्रपतींच्या वाड्यात भिवाने धुळाक्षरांनंतरचं शिक्षण घेतलं.

नोंद झाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. शाळेतले दिवस कसे गेले हे बाबासाहेबांनी १९३५ च्या आगेमागे इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्या पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. इतर मुलांपासून वेगळं बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळाला आपण हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही. न्हावी केस कापत नसे, म्हणून बहीण कापायची. १९०१ च्या उन्हाळ्यात वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. तिकडे जाण्यासाठी पोरं मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळताच दूर झाला. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, तीही त्यांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. हा मुलगा तेव्हा त्या सरकारी हायस्कुलाचा रीतसर विद्यार्थी होता. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेलं आणि साताऱ्याचं पान संपलं.

त्या बुधवारी जगात आणखी कुठे काय चाललं होतं? पॅरिसमध्ये मारी क्युरी तेहेतीस वर्षांच्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रेडियमचा शोध जाहीर केला होता. पण त्यांच्या वॉर्सातल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. चोरून भरणाऱ्या वर्गांत शिकून त्यांना देश सोडावा लागला होता. रामन त्या दिवशी बारा वर्षांचे झाले. आणि बरोबर पाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, हुबळीला प्लेगने केशवसुतांना नेलं. पेशाने ते शाळामास्तर. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता त्यांनी भिवा शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी लिहिली होती. एका तारखेवर माणसं योगायोगानेच जमतात, हे खरं. तरीही क्युरी, केशवसुत आणि भिवा यांची नावं एका पानावर वाचताना शाळेचं दार कुणासाठी उघडतं हा एकच प्रश्न समोर येतो.

मग ही नोंद दिवस कशी झाली? शाळेने ते रजिस्टर जपलं, हे पहिलं पुण्य. साताऱ्यातले पत्रकार-कार्यकर्ते अरुण जावळे आणि त्यांचे सहकारी ७ नोव्हेंबर हा शाळाप्रवेश दिन म्हणून साजरा करत आले. सरकारकडे पाठपुरावा करत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य सरकारने हा दिवस सर्व शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. नाव चढलं तेव्हापासून ११७ वर्षं गेली होती.

शेजारच्या सांगलीचा दिवस दोनच दिवस आधी येतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, त्याची ही आठवण. तो दिवस राजाच्या इच्छेने, दरबारासमोर घडला. पाहणारे होते, वाहवा होती, आणि १९४३ मध्ये सांगलीत त्याची शताब्दीही थाटात झाली. आज जिल्हे दोन आहेत, पण तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग त्यांचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली हे नाव आलं. सांगलीच्या दिवसाला साक्षीदार पुष्कळ होते. साताऱ्याच्या दिवसाला एक कागद तेवढा साक्षीला होता, आणि म्हणून मला तो अधिक जपावासा वाटतो.

गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी, कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. काम झालं की ती पुन्हा कपाटात जातात, वाळवीच्या तोंडी. सातारा-सांगलीत शंभर वर्षं उलटलेल्या शाळा पुष्कळ आहेत. आपल्या गावात पहिली मुलगी कधी शाळेत आली, महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं, पारध्यांच्या पालावरचं पहिलं नाव कधी चढलं, हे त्या रजिस्टरांत लिहिलेलं आहे. शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एवढीच विनंती : येत्या ७ नोव्हेंबरला भाषणं-निबंध होऊ द्या, मुलांना गोणपाटाची आणि पाण्याची गोष्ट पूर्ण सांगा, आणि त्याच आठवड्यात आपल्या शाळेचं सर्वांत जुनं रजिस्टर काढून त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवा.