एका परगण्याचे चित्र-दप्तर

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सनदा, बखरी, ताम्रपट आणि रुमालांत बांधलेली दप्तरे उभी राहतात. छायाचित्रालाही त्या पंक्तीत पान मांडावे, आणि तेही सरकारी हुकुमाने नव्हे तर गावोगावच्या हौशी माणसांच्या श्रमाने, असा एक पद्धतशीर प्रयत्न गेल्या शतकापूर्वीच्या अखेरीस इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या वॉरिकशायर परगण्यात झाला. शेक्सपिअरची जन्मभूमी म्हणून हा परगणा आपणांस ठाऊक असतो. त्याचे हे दुसरे कर्तृत्व फारसे कोणी सांगत नाही.

या उपक्रमाचा जनक विल्यम जेरोम हॅरिसन हा बर्मिंगहॅममध्ये विज्ञान शिकविणारा भूगर्भशास्त्रज्ञ. बर्मिंगहॅमचा बराच भाग त्या काळी वॉरिकशायरमध्येच मोडत असे. डिसेंबर १८८९ मध्ये तेथील छायाचित्रण मंडळापुढे त्याने एक निबंध वाचला आणि संपूर्ण परगण्याची छायाचित्ररूप पाहणी करावी अशी योजना मांडली. खडकांचे थर वाचण्याची सवय असलेल्या माणसाला गावाचेही थर दिसू लागावेत, हे स्वाभाविकच होते. सरकारी मोजणीच्या नकाशाचे चौकोन पाडावयाचे, एकेक चौकोन एकेका सभासदाने वाटून घ्यावयाचा, आणि त्यातील देवालये, वाडे, पूल, झोपड्या, जुनी झाडे यांची चित्रे घ्यावयाची, अशी ती आखणी होती.

त्यातील एक अट मला विशेष महत्त्वाची वाटते. चित्रे टिकाऊ पद्धतीनेच छापली जावीत, असा आग्रह होता. म्हणजे बहुधा प्लॅटिनमच्या कागदावर. चांदीच्या क्षारांवर छापलेली त्या काळची चित्रे काही वर्षांत पिवळी पडत व विटत. प्लॅटिनम हा धातूच असा की, तो कागदाच्या तंतूंत बसला की हवेने सहसा बिघडत नाही. ज्याला पुढच्या पिढ्यांसाठी काही ठेवावयाचे आहे त्याने आधी शाईचा विचार करावा, हे आपल्या पोथी लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते.

हे काम हौशी माणसांच्या आवाक्यात आले ते कोरड्या काचपट्टीमुळे. त्यापूर्वी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. काळोखी खोली तंबूत घालून बरोबर न्यावी लागे. असला खटाटोप सरकारच करू जाणे. आपल्याकडे विजापूर, बदामी व ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे १८५५ च्या सुमारास घेतली गेली, ती मुंबई सरकारने नेमलेल्या टॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याकडून. वॉरिकशायरमध्ये हेच काम नागरिकांनी स्वतःच्या खर्चाने अंगावर घेतले.

या मंडळाचे अध्यक्षपद बेंजामिन स्टोन याच्याकडे आले. हा काचेचा कारखानदार, पुढे सर झालेला आणि १८९५ पासून पार्लमेंटचा सभासद. त्याला छायाचित्रांचे अक्षरशः वेड होते. बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात त्याचा सुमारे बावीस हजार चित्रांचा संग्रह आहे. १८९७ मध्ये त्याने हीच कल्पना सबंध देशासाठी उचलली आणि राष्ट्रीय छायाचित्र-नोंद संस्था स्थापन केली. ती १९१० पर्यंत चालली.

स्टोनची नजर इमारतींवरच थांबली नाही. लोकांच्या चालीरीती तो तितक्याच निष्ठेने टिपू लागला. शेजारच्या स्टॅफर्डशायरमधील ॲबट्स ब्रॉम्ली या गावी सप्टेंबर महिन्यात शिंगांचे नृत्य होते. रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या वर्षभर गावच्या चर्चमध्ये टांगलेल्या असतात. त्या दिवशी सकाळी त्या बाहेर काढतात, नर्तक त्या घेऊन शिवारातून व घराघरांपुढून नाचत जातात, आणि संध्याकाळी त्या पुन्हा चर्चमध्ये जागेवर ठेवतात. देवळातून तरंग निघताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. स्टोनने या नर्तकांना ओळीने उभे करून त्यांचे चित्र घेतले. पुढे १९७६ साली एका शिंगाचे वय शास्त्रीय रीतीने काढले, तेव्हा ते अकराव्या शतकातील ठरले. मौज अशी की, चित्रात जो पोशाख आपणांस अतिप्राचीन वाटतो, तो मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावच्या धर्मोपदेशकाच्या घरातील स्त्रियांच्या पुढाकाराने शिवला गेलेला. परंपरा कोठे जुनी आणि कोठे नवी हे छायाचित्र स्वतः सांगत नाही. ते विचारावे लागते.

दुसरीही एक उणीव नमूद केली पाहिजे. या मंडळींचा ओढा चर्च, किल्ले आणि लाकडी चौकटींची जुनी घरे यांकडे अधिक होता. ज्या कारखान्यांच्या पैशावर कॅमेरे विकत घेतले गेले, ते कारखाने आणि त्यांच्या सावलीतील दाटीवाटीच्या चाळी यांना या दप्तरात फारच थोडी जागा मिळाली. नाहीसे होणार ते फक्त जुनेच, असा त्यांचा समज होता. त्या चाळीही पुढे बहुतेक सगळ्या पाडल्या गेल्या.

या कामाची खरी किंमत कळली ती कॉव्हेंट्रीवरून. तीन उंच मनोऱ्यांचे हे जुने नगर त्या काळी वॉरिकशायरमध्येच होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी त्यावर बॉम्बवर्षाव केला आणि सेंट मायकेलचे मध्ययुगीन चर्च, जे १९१८ पासून कॅथीड्रल झाले होते, जळून गेले. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या. शेजारी बांधलेले नवे कॅथीड्रल १९६२ साली उघडले. जुने भग्नावशेष तसेच ठेवले आहेत. आतील लाकडी छत आणि खांबांच्या रांगा कशा होत्या, हे आज जुन्या चित्रांवरूनच पाहावे लागते.

मात्र कॉव्हेंट्रीची बुचर रो ही वाकड्यातिकड्या लाकडी घरांची अरुंद गल्ली, छायाचित्रकारांची मोठी आवडती, त्या चित्रांत शोधताना बॉम्बला बोल लावण्याचे कारण नाही. ती नगरपालिकेने स्वतःच १९३६ साली, नवा रस्ता काढण्यासाठी, जमीनदोस्त केली होती.