एका क्षाराची नव्वद वर्षांची प्रतीक्षा

१/ गरोदर स्त्री. चेहऱ्यावर सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि अकस्मात आकडी. या व्याधीचे नाव ‘एक्लॅम्पसिया’. मूळ ग्रीक शब्दाचा भाव ‘एकाएकी चमकून उठणे’ असा आहे. तिच्यावरचे औषध हाती असूनही ते सर्वमान्य होण्यास जवळजवळ नव्वद वर्षे का लागली, त्याचा हा धागा.

२/ पूर्वी युरोपातील वैद्य अशा झटक्यांवर शीर उघडून रक्त काढीत. १८४३ मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांना अशा स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन आढळले.

३/ १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण सिद्ध केले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील वाकेझ आणि नोबेकूर यांनी या स्त्रियांमध्ये वाढलेला रक्तदाब नोंदवला. आकडीपूर्वीची धोक्याची खूण आता मोजता येऊ लागली.

४/ उपचार मात्र चाचपडतच होते. सेंट पीटर्सबर्गचे स्त्रोगानोव्ह रुग्णेला अंधाऱ्या, निःशब्द खोलीत ठेवून मॉर्फिन व क्लोरल देत. १९०६ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियम सल्फेट वापरून पाहिले गेले. हे म्हणजे आपले एप्सम सॉल्ट, अत्यंत स्वस्त.

५/ अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलमधील प्रिचर्ड यांनी १९८४ मध्ये एक्लॅम्पसियाच्या २४५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत मातामृत्यू केवळ एक.

६/ तरीही ब्रिटनमध्ये डायझेपाम व फेनिटॉइन यांनाच पसंती होती. ‘हे आकडीचे औषधच नव्हे,’ असा अनेक मेंदूविकारतज्ज्ञांचा आक्षेप होता. प्रत्येक पक्षाची भिस्त स्वतःच्या वॉर्डातील अनुभवावर; मोठ्या प्रमाणावर समोरासमोर तुलना कोणीच केली नव्हती.

७/ ती झाली १९९५ मध्ये. भारतासह विकसनशील देशांतील सुमारे १,६८० स्त्रियांचा त्यात सहभाग होता. पुन्हा आकडी येण्याचा धोका मॅग्नेशियममुळे डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी ठरला. वाद मिटला. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत, १०,००० हून अधिक स्त्रियांमध्ये, आकडी येण्यापूर्वीच हे औषध दिल्यास तिचा धोका निम्म्याहून कमी होतो, हेही दिसले.

८/ औषध निर्धोक नाही. मात्रा वाढल्यास श्वास थांबू शकतो. पण त्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते. म्हणून परिचारिका गुडघ्यावर हातोडी मारून पाहते, श्वास आणि लघवी मोजते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ असते. सोबत रक्तदाब उतरवणे आणि योग्य वेळी प्रसूती करणे, हे आवश्यकच.

९/ हे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. घरातील गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा पोटाच्या वरच्या भागात वेदना असतील, तर ‘थकवा असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, रक्तदाब मोजून घ्या.