थाई भाषेतील सूर

उच्चारातील एक स्वर चुकला आणि इंद्राच्या वधासाठी जन्मलेला वृत्रच इंद्राच्या हातून मारला गेला, ही कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. वैदिक पाठाबाहेर आपणांस ती धास्ती उरलेली नाही. थाई भाषा बोलणारास मात्र प्रत्येक शब्दाबरोबर सूर सांभाळावा लागतो. त्या भाषेत सम, नीच, उतरता, उच्च आणि चढता असे 5 सूर आहेत. ‘खाव’ हा शब्द चढत्या सुरात उच्चारला तर ‘पांढरा’, नीच सुरात ‘बातमी’ आणि उतरत्या सुरात ‘भात’. ‘क्लाय’ सम सुरात ‘दूर’, तर उतरत्या सुरात ‘जवळ’!

हे सर्व सूर मूळचे नव्हेत. प्राचीन भाषेत मुख्य सूर तीनच होते, आणि ख व ग हे उच्चार भिन्न होते, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग, द, ब यांसारख्या घोष व्यंजनांमागून येणारा स्वर स्वभावतःच किंचित खालच्या पट्टीत निघतो. पुढे हा घोष लोपला. ग चा उच्चार ख सारखाच होऊ लागला. व्यंजनातील भेद गेला, पण त्याने पाडलेला पट्टीतील भेद राहिला, आणि अर्थ वेगळा राखण्याचे काम त्याच्याकडे आले. म्हणूनच ‘गुरु’चा तेथे ‘ख्रू’ झाला आणि ‘नगर’चे ‘नखोन’.

लिपीने मात्र जुना भेद सोडला नाही. ब्राह्मीच्या कुळातील ही लिपी ख्मेरांकडून थाई लोकांकडे आली. राजा राम खामहेंगच्या नावे असलेल्या, 1292 या वर्षाच्या शिलालेखात दोन सूरचिन्हे आढळतात. (हा लेख राजपुत्र मोंकुट यांस 1833 मध्ये सापडला, त्याच्या अस्सलपणाविषयी विसाव्या शतकाच्या अखेरीस बराच वाद झाला.) आज चिन्हे चार असून त्यांची नावे एक, थो, त्री, चत्तवा अशी आहेत, त्यांतील आपले अंक वाचकांनी ओळखलेच असतील.

परंतु केवळ चिन्हावरून सूर कळत नाही. अक्षर कोणत्या वर्गातील, हेही पाहावे लागते. चिन्हावाचून ‘खा’ हा शब्द जुन्या ख ने लिहिला तर सूर चढता आणि अर्थ ‘पाय’. जुन्या ग ने लिहिला तर सूर सम आणि अर्थ ‘अडकणे’.

या व्यवस्थेची कसोटी 1942 साली लागली. फिबून सोंग्खराम यांच्या सरकारने लेखन सुलभ करण्यासाठी 44 पैकी 13 व्यंजने वगळली. त्यांत घ गेला. त्याचा सूर ग प्रमाणेच असल्याने काही बिघडले नाही. पण ख आणि ग, उच्चार एकच असूनही, दोन्ही ठेवावे लागले. ती सुधारणा 1944 मध्ये रद्द झाली. जे अक्षर उच्चाराच्या दृष्टीने निरुपयोगी भासत होते, तेच सुराचा आधार होते. लिपीतील अधिक अक्षरे छाटू पाहणाराने प्रथम त्यांचे आजचे काम तपासावे, एवढा बोध या इतिहासापासून अवश्य घेता येईल.